बोलेरो डीआयचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) घरीच बदलायचाय, मागे व्हॅक्यूम पंप आहे, काय काय बघू?

ओतूरकर_२७:
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची बोलेरो डीआय, २ लाख १० हजार किमी झालेत. आठ दिवसांपूर्वी बॅटरीचा लाल दिवा मंद मंद लागायला लागला आणि आता कायमच लागलेला असतो. मल्टिमीटर लावला तर गाडी बंद असताना १२.३ व्होल्ट, चालू केली की १२.१, हेडलाईट लावले की ११.८, आणि रेस कितीही दिली तरी वर जात नाही. बेल्ट घट्ट आहे, तुटलेला चिरलेला नाही. अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला ऑइल दिसतंय, हात लावला तर काळं होतं, पण ते जुनं असेल म्हणून इतके दिवस लक्ष दिलं नाही.

पाने, जॅक, मल्टिमीटर सगळं घरी आहे, ट्रॅक्टरची कामं मी स्वतः करतो त्यामुळे नट-बोल्टची भीती नाही. फक्त याच्या मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला आहे आणि तो ब्रेकचा आहे एवढंच माहिती आहे. दर १५ दिवसांनी आईला घेऊन माळशेज उतरून कल्याणला जावं लागतं, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत अंदाजपंचे काही करायचं नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी नीट सांगा.

नदीकाठ:
दादा, खोलायच्या आधी पाच मिनिटं देऊन एक बघा. गाडी चालू ठेवून मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या मागे जाड वायर येते त्या नटावर लावा, दुसरा बॅटरीच्या मायनसवर. तिथे १४ च्या आसपास येतंय आणि बॅटरीवर १२ च असेल तर अल्टरनेटर चांगला आहे, वायर नाहीतर मधला फ्यूज गेलाय. दोन्हीकडे १२ च असेल तर मग अल्टरनेटर. तसंच एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरा बॅटरीच्या मायनसला लावा, तिथे ०.२ च्या वर काही दिसायला नको, दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीये. माझ्या पिकअपला नवीन अल्टरनेटर घालून झाला आणि मग कळलं की इंजिन ते चेसिस अर्थिंगच हिरवी पडली होती. पैसे गेले ते गेलेच.

ओतूरकर_२७:
केलं. दोन्हीकडे १२.१ च आहे, अर्थिंगला ०.०५. म्हणजे अल्टरनेटरच.

कटआउट_काका:
बाळा, मी २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, या पंपवाल्या अल्टरनेटरचं नीट ऐक.

ब्रेक पायाला हलका लागावा म्हणून व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल गाडीला तो इंजिनच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या पाइपातून मिळतो, डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. तुझ्या गाडीत तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर मागे बसवलाय. त्याला इंजिनमधून बारीक पाइपने ऑइल येतं आणि जाड रबरी नळीने ते परत खाली इंजिनमध्ये जातं. पंप आणि अल्टरनेटरच्या मध्ये एक ऑइल सील असतं. ते सील गेलं की इंजिन ऑइल आत स्लिप रिंगवर, म्हणजे कार्बन ब्रश टेकतात त्या फिरत्या कड्यांवर येतं, कार्बन ब्रशची पावडर त्यात कालवली जाते आणि काजळासारखा लगदा होतो, मग ब्रश टेकूनही करंट जात नाही. तुझं काळं ऑइल म्हणजे ९० टक्के हेच. अशा वेळी नुसते ब्रश आणि कटआउट (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) बदलून देणारे आहेत, महिन्याभरात परत तेच होतं. सील, बेअरिंग, ब्रश सगळं करून घे, नाहीतर पंपासकट नवीन घे.

आणि सील का गेलं ते शोध. पुष्कळदा ती परतीची रबरी नळी आतून फुगते, नाहीतर वळणावर दबते, ऑइलला खाली जायला वाट राहत नाही आणि ते सीलवर दाब देतं. नळी तशीच ठेवून नवीन अल्टरनेटर लावलास तर तोही ऑइल पिणार. नळी नवीनच टाक, तेलाला टिकणारी घे, कूलंटची घेऊ नकोस.

घाटमाथा_डिझेल:
काकांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी हाताने केलंय ते सांगतो, गेल्या वर्षी घरच्या अंगणात केलं होतं.

इंजिन पूर्ण गार होऊ दे. सगळ्यात आधी बॅटरीचा मायनस काढ आणि बाजूला वळवून ठेव, कारण अल्टरनेटरवरची जाड वायर चावी बंद असली तरी थेट बॅटरीलाच असते, पाना तिथून बॉडीला लागला तर ठिणगी नाही, चक्क वेल्डिंग होतं. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेव. मग व्हॅक्यूमची नळी, ऑइलचा पाइप, परतीची नळी, खाली एक फडकं आणि ट्रे ठेव, थोडं ऑइल सांडतंच. वरच्या पट्टीचा बोल्ट ढिला केला की बेल्ट निघतो, मग खालचा लांब बोल्ट. तो गंजलेला असतो, रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेव, जोर लावून पाना घसरला की बोटं रेडिएटरच्या जाळीवर जातात.

नवीन आणि जुना शेजारी ठेवून बघ, बोल्ट जातात त्या कानांची जाडी, पुली किती बाहेर आहे, पंपाचे तोंड कुठे आहे. पुली २-३ मिमी जरी आतबाहेर असली तरी बेल्ट तिरका चालून फाटतो.

आता महत्त्वाचं. नवा पंप कोरडा असतो. बसवायच्या आधी ऑइल आत जायच्या भोकातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि पुली हाताने फिरवून घे, नाहीतर पहिल्या स्टार्टला आतल्या पाती कोरड्या घासतात. बारीक ऑइल पाइप काढून हवा मारून बघ, कचऱ्याने बंद असेल तर पंप काही दिवसांत जाम होईल. ऑइल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, म्हणजे बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर जुने परत लावू नकोस, नवीन घे, अगदी स्वस्त असतात आणि जुने हमखास झिरपतात. बेल्ट ताणताना लाकडाचा दांडका पुढच्या बाजूला टेकव, पंपावर अजिबात जोर देऊ नकोस. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला की बास, जास्त ताणलास तर बेअरिंग जातं.

ओतूरकर_२७:
खूप खूप आभार. एकच शंका, बसवून झाल्यावर ब्रेक नीट आहेत हे घरीच कसं कळणार? आणि चार्जिंग येतंय का बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची असं आमच्याकडे सगळे करतात, ते बरोबर आहे का?

कटआउट_काका:
ते कधीच करू नकोस. चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि नव्या अल्टरनेटरचे डायोड तिथल्या तिथे जातात. मीटर आहे ना, तोच लाव, १३.८ ते १४.४ आलं पाहिजे. बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्जरवर लावून भरून घे, नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी रिकामी बॅटरी भरायला लावू नये.

ब्रेकचं असं, गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाब, ते घट्ट होईल. मग पाय दाबूनच ठेव आणि स्टार्ट मार. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर व्हॅक्यूम येतोय. नाही गेलं तर गाडी जागेवरून हलवायची नाही. नंतर गाडी बंद करून बघ, पहिले एक-दोन वेळा पेडल मऊ लागलं पाहिजे, लगेच दगडासारखं झालं तर कुठेतरी नळी हवा घेतेय.

ओतूरकर_२७:
झालं मंडळी. काल सकाळी ८ ला बसलो, दुपारी १ वाजला. त्यातला दीड तास खालचा लांब बोल्ट काढण्यातच गेला.

काका, तुमचं तंतोतंत खरं निघालं. जुना खोलून बघितला, स्लिप रिंगवर काळा चिकट लगदा होता आणि एक ब्रश जेमतेम ३-४ मिमी उरला होता. परतीची नळी हातात घेऊन कापली तर आतलं रबर सुटून भोक करंगळीएवढं होतं ते पेन्सिलच्या शिशाएवढं राहिलं होतं. बाहेरून नळी अगदी चांगली दिसत होती, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तीच परत लावली असती. नवीन नळी, नवीन क्लिप, नवीन वॉशर टाकले, पंपात ऑइल सोडून पुली फिरवली तेव्हा मागच्या तोंडाला बोट लावलं तर ओढल्यासारखं लागत होतं.

स्टार्टला लाल दिवा लगेच गेला. आयडलला १४.२, हेडलाईट आणि ब्लोअर लावून १३.९. ब्रेकची टेस्ट तीनदा केली, तिन्ही वेळा पेडल खाली गेलं. संध्याकाळी ओतूर ते बनकर फाटा जाऊन आलो, टॉर्च लावून बघितलं, बँजो बोल्ट कोरडा आहे. बेल्टही नवीनच टाकलाय, तो आता थोडा सैल पडेल, म्हणून शनिवारी परत ताण बघतो आणि रविवारी आईला घेऊन माळशेज उतरतो.