फिरता केबल पूल: इंजिनीअरिंग की नुसता देखावा?

कुहीकर_सिव्हिल
आयर्लंडमधल्या डब्लिनच्या सॅम्युअल बेकेट पुलाचा व्हिडिओ सध्या आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतोय. लिफी नदीवरचा हा पूल २००९ साली सुरू झाला, आराखडा स्पेनचे वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांचा. वाकडा मनोरा, त्याला ताणलेल्या केबल, लांबून आडवी ठेवलेली वीणाच वाटते, आणि बोट आली की गाड्यांच्या चार लेनसकट सगळा पूल आडवा ९० अंशांत फिरतो. व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, "पैशाचा माज. सरळ पूल बांधता येत नव्हता का?"

मला हे पटत नाही. आराखड्यात हौस आहेच, पण केबल हौसेच्या नाहीत. पूल फिरला की त्याचं पुढचं टोक अधांतरी असतं, खाली टेकू काही नाही. केबल नसतील तर एवढा लांब हात तोलायला बुडाशी खोल, जड गर्डर, म्हणजे आडवी तुळई लागते. गर्डर जड म्हणजे बेअरिंग मोठं, मोटर मोठी, पाया मोठा. शिवाय काठावरचा रस्ता पाण्यापासून फार उंच नाही, खोल गर्डर टाकला तर रस्ताच वर उचलावा लागेल. केबलने पूल वरून ठिकठिकाणी धरला की खालचा भाग पातळ राहतो. आंभोऱ्याला वैनगंगेवर जो पूल झाला त्यातही केबलचं काम हेच, फक्त तो जागेवरून हलत नाही.

गावठी_ठेकेदार
सर, पातळ राहतो हे मान्य. पण वाचवलेलं वजन परत कुठं भरलं ते नाही सांगितलं. ज्या खुंट्यावर पूल फिरतो तिथून पुढचा हात साधारण ९५ मीटर, मागचा २८. दोन्हीकडे मीटरमागे वजन सारखं धरलं तर तोल लांबीच्या वर्गाने बिघडतो: ९०२५ विरुद्ध ७८४. म्हणजे मनोऱ्याचा वाटा सोडला तर मागच्या हाताला दर मीटरला साडेअकरा पट वजन पाहिजे. ते मागे ठासून भरावं लागतं. बैलगाडी धुरजड झाली म्हणून मागे दगड टाकायचे, तसला प्रकार. दोन्ही हात सारखे ठेवले असते तर ही भानगडच नव्हती. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला विल्यम आर्मस्ट्राँगने १८७६ साली हायड्रॉलिकवर फिरणारा पूल असाच बांधला, मधोमध खुंटा, दोन्हीकडे सारखे हात. एक केबल नाही.

कुहीकर_सिव्हिल
हिशोब बरोबर आहे. पण न्यूकॅसलचा खुंटा नदीच्या मधोमध बसलाय, बोटींनी त्याच्या डावीउजवीकडून जायचं. पूल उघडला तरी मधला अडथळा कायम. डब्लिनमध्ये खुंटा एका काठाकडे सरकवला म्हणून मोठा सलग मार्ग मोकळा झाला. मागचं वजन ही त्याची किंमत, आणि मला ती रास्त वाटते.

ब्रह्मपुरी_४७
किमतीचं सोडा, उन्हाचं बोला. पोलादाचा १०० मीटरचा तुकडा १० अंशांनी तापला की सुमारे १२ मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे १० अंश, आणि मे महिन्यात भर दुपारी लोखंडाला हात लावून बघा, ६० च्या पुढं असतं. ९५ मीटरच्या हातात सव्वादोन इंचांचा फरक. केबलही तापतात, लांबतात, टोक खाली झुकतं. आता ते टोक काठावरच्या खाचेत नेमकं बसवून कुलूपाचा खिळा कोण सारणार? जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा थर्ड अ‍ॅव्हेन्यू पूल बोटीसाठी फिरला आणि उन्हाने फुगून अडकला. बोटीतून पाण्याचे फवारे मारून थंड करावा लागला. ती न्यूयॉर्कची गरमी हो! आमच्याकडे तर मे महिन्यात टँकर माणसांना पुरत नाही, पुलाला कुठून आणता?

कुहीकर_सिव्हिल
टँकरचा मुद्दा जबरा. पण हा दोष फिरत्या पुलाच्या जातीचा नाही, सांध्यात किती फट ठेवली त्याचा आहे. आपल्या ४७ अंशांच्या उन्हाळ्यासाठी डिझाइन करायचा तर फट तेवढी ठेवायची. टोक झुकलं तर जॅकने उचलून मग खाली टेकू सरकवायचा, हे फिरत्या पुलांत नेहमीचंच.

पर्लकोटा_पार
बाप्पा, तुम्ही लोकं कायच्या गोष्टी करून राहिले! गडचिरोलीतल्या भामरागडले पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहते अन् पलीकडची गावं तुटतात, हे वर्षानुवर्षं चालत आलं. बाई अडली तं खाट उचलून पुराच्या काठावर बसा. आमच्या नदीत फिरता पूल कोणासाठी फिरवता? जहाज कुठून येते, सिरोंच्याहून? आमाले दोन पुरुष उंच, साधा सिमेंटचा पूल द्या. पाण्याखाली जाणारा ठेंगणा रपटा नको, केबल नको, अन् फोटो काढाची गॅलरी तं मुळीच नको.

कुहीकर_सिव्हिल
भाऊ, इथं फिरता पूल बांधा असं मी कुठंच म्हटलं नाही. जिथं बोटींची वर्दळ नाही तिथं तो बांधणं मूर्खपणाच. मी फक्त "माज" या शब्दाला उत्तर दिलं. रामेश्वरमला पांबनचा नवा रेल्वे पूल २०२५ मध्ये सुरू झाला, त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो. समुद्र आहे, बोटी आहेत, म्हणून. त्याला कोणी माज म्हणत नाही.

पर्लकोटा_पार
पांबनचा पूल लोकाइले पार नेते. तुमच्या डब्लिनवाल्यानं वीणा काढाले मनोरा वाकवला. फरक हाये ना?

फाटकावरचा
तुम्ही दोघंही पुलाच्या फिरण्याची खरी मजा सोडून बसलात. पूल आयुष्यात एकदाच फिरवायचा, मग कायमचा बंद! चीनमध्ये रेल्वेवरचे पूल असे करतात. रुळांना समांतर, बाजूच्या जागेत केबलसकट पूल उभारायचा. खांबाखाली गोल चकती, तिच्यात घसरतं बेअरिंग. चकतीभोवती तारांचे जुडगे गुंडाळून दोन बाजूंनी जॅकने ओढायचे. काही तासांत हजारो टनांचा पूल रुळांवर आडवा येतो, मग चकती काँक्रीटमध्ये गाडून टाकायची. बाओडिंगला २०१९ साली असाच केबलचा पूल फिरवला. वर्धा-नागपूर मार्गावर गाड्यांची रांग संपत नाही, गर्डर टाकायला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवायची वेळ, मागून मागून कामं रखडतात. डब्लिनमधून आपल्याला घेण्यासारखं काही असेल तर तोल साधायची ही विद्या.

गावठी_ठेकेदार
हे ऐकायला झकास, पण दोन अडचणी. एक, रुळांशेजारी पुलाएवढी लांब मोकळी जागा लागते. शेतकऱ्याचं वावर तात्पुरतं घ्यायचं तरी वर्ष जातं. दुसरी, फिरवताना काँक्रीट दोन्हीकडे सारखं भरलेलं पाहिजे. एका हाताला स्लॅब दोन इंच जाड पडला की तोल गेला. आमच्याकडे स्लॅबची जाडी कागदावर एक आणि साईटवर दुसरी असते, हे मी ठेकेदार असून सांगतो.

फाटकावरचा
म्हणूनच तर फिरवण्याआधी पूल चकतीवर मोकळा सोडून, वजन करून बघतात. एका बाजूला झुकला तर दुसऱ्या हातावर वजन ठेवून बरोबर करतात. तुमचा दोन इंचांचा घोळ तिथंच, सगळ्यांसमोर उघडा पडेल. ठेकेदार मंडळी ही पद्धत येऊ देत नाहीत ते यासाठी तर नाही ना?