कोळशाच्या यार्डातलं तळं
रेल्वेची पडीक जागा मागून तिथे पाणथळ करावं म्हटलं, की ‘त्या जमिनीत तेल-कोळसा मुरलेला असतो, तिथे पाणथळ होणं अशक्य,’ असं काहीजण म्हणतात. माती आधी तपासायला हवी, हे मान्यच. पण अशक्य नाही! लंडनला किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे, रीजंट्स कालव्याला लागून कॅम्ली स्ट्रीट नॅचरल पार्क आहे, जेमतेम दोन एकर. पूर्वी तिथे रेल्वेचा कोळसा उतरायचा. मग जागा ओस पडली, वाहनतळ होणार होता. लोक त्याविरुद्ध उभे राहिले आणि १९८५ साली तिथे तळं असलेलं निसर्ग राखीव क्षेत्र खुलं झालं.

मी गेले तेव्हा शाळेची पोरं पांढऱ्या ट्रेमध्ये तळ्याचं पाणी ओतून चतुरांच्या अळ्या शोधत होती. फक्त एक, काठचा बोरू (पाण्यात वाढणारं उंच, वेतासारखं गवत) नेमाने कापावा लागतो, नाहीतर तळं बुजत जातं. ते कोण करणार, हे जागा मागतानाच ठरवून ठेवा.