‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य लाइव्ह साइटवर असावं का?

सुपरकॉरिडॉर
इंदूरच्या भंवरकुव्यावरच्या एका कोचिंग क्लासची फी भरायची साइट. शेवटची तारीख, संध्याकाळची गर्दी. खात्यातून पैसे कटत होते आणि पानावर येत होतं, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.’ पोरं आज्ञाधारक. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि कित्येकांची फी दोनदा गेली.

नंतर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघायला मला बोलावलं. पेमेंट नीट झालेलं, पैसे घेणाऱ्या गेटवेकडून ‘सक्सेस’ आलेलं. त्याच फंक्शनमध्ये पुढे पावतीचा एसएमएस पाठवायची ओळ होती, ती सेवा टाइमआउट झाली. सगळ्याला मिळून एकच ट्राय-कॅच, म्हणजे चूक पकडणारा एकच सापळा! म्हणजे एसएमएस अडकला तरी तेच पान, पैसे अडकले तरी तेच. आणि लॉगमध्ये काय, तर ‘एरर आला’. कोणाचा, कुठल्या ऑर्डरचा, पत्ता नाही.

माझं म्हणणं, हे वाक्य हद्दपार करा. पैशाचं काय झालं ते सांगा, सोबत एक क्रमांक द्या, आणि बटण परत दाबण्यात धोका नसेल तरच ‘पुन्हा करा’ म्हणा.

रामबागकर
असहमत. चूक कोडची, आणि बोलणी वाक्याला. पानावर जितकं कमी तितकं बरं. २०२१ मध्ये लॅराव्हेल या वेब फ्रेमवर्कच्या इग्निशन या एरर पानातच भोक निघालं होतं. डीबग मोड, म्हणजे चुकीचा आतला तपशील पानावर दाखवणारी सेटिंग, चालू राहिलेल्या साइटवर बाहेरचा माणूस लॉगिनशिवाय स्वतःचा कोड चालवू शकत होता. आपल्या इंदूरातही डीबग चालू ठेवून साइट लाइव्ह करणारे महाभाग आहेत. डेटाबेसमधल्या टेबलांची नावं पानावर वाचून घ्या. त्यांना ‘सांगा’ म्हटलं की ते सगळंच सांगतात.

राहिले दोनदा गेलेले पैसे. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, यूपीआयचे अडकलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत येतात.

सुपरकॉरिडॉर
रामबागकर साहेब, स्टॅक ट्रेस, म्हणजे कोड कुठे फुटला त्याची यादी, दाखवा असं कोण म्हणालं? ‘तुमची फी जमा झाली आहे, पावती यायला वेळ लागेल, क्रमांक अमुक’ एवढ्यात कोणता हॅकर खूश होणार?

आणि तो नियम पैसे कटले पण दुकानदाराला खबरच पोचली नाही, अशा व्यवहारांसाठी आहे. इथे खबर पोचली होती. बँकेच्या लेखी दोन्ही व्यवहार यशस्वी, मग परत काय करायचं? मुलांनी क्लासच्या ऑफिसात अर्ज देऊन रिफंड घेतले. ऑर्डरमागे एकच आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती परत आली तर ओळखणारी खूण, ठेवली असती तर दुसऱ्यांदा पैसे कटलेच नसते, हे मात्र तुमच्या बाजूने मान्य.

रात्रपाळी
दोघंही पानावरच अडकलात. संध्याकाळभर हे चाललं होतं तर कंपनीत एकालाही कळलं कसं नाही?

१ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी नाइट कॅपिटल. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत नको त्या ऑर्डरी सुटून ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान. गंमत अशी, की बाजार उघडायच्या आधीच सिस्टिमने त्या एररचे ९७ मेल पाठवले होते. ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी ते बघत नसे.

आपल्याकडे निराळं काय आहे? जॅंगो या वेब फ्रेमवर्कच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडमिनचा पत्ता टाकला की प्रत्येक ५०० ला, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या चुकीला, एक मेल. आधी कौतुक, मग फिल्टर, मग त्या फोल्डरात कोणी जात नाही. सेंट्रीसारखी एरर गोळा करणारी साधनं एकाच जातीचे एरर एका गठ्ठ्यात बांधतात ते याचसाठी. रात्री फोन वाजावा तो पैसे आणि लॉगिन यांच्यासाठी. बाकीचं सकाळी पोहे खाताना बघता येतं.

छप्पन_ते_सराफा
भिया, तुम्ही सगळे मोठ्या टीममधले. मी एकटा माणूस, दुकानांच्या साइट्स करतो. सांगू का, मी एरर आला तरी स्टेटस २०० च, म्हणजे ‘सगळं ठीक’, पाठवतो. नाहीतर क्लायंटने साइटवर नजर ठेवायला लावलेलं मॉनिटर बोंबलतं आणि रात्री अकराला सराफ्यात हातात भुट्ट्याचा कीस असताना फोन येतो. हे सगळं करायचे पैसे कोण देणार?

रात्रपाळी
मॉनिटर बोंबलू नये म्हणून त्याचे डोळे बांधायचे? बरं, गूगलचा बॉटही तुझं एरर पान खरं पान समजून वाचतो. सर्व्हर दमला असेल तर ५०३ दे, म्हणजे ‘आत्ता सेवा बंद’, सोबत ‘किती वेळाने परत या’ सांगणारं रिट्राय-आफ्टर हेडर. खर्च शून्य.

लोकमान्यनगरची_आई
मी तुमच्या लाइनमधली नाही, पण त्याच साइटवर मुलीची फी दोनदा भरलेली आहे. क्लासला फोन केला तर म्हणाले, स्क्रीनशॉट पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये होतं काय? ‘काहीतरी चुकलं.’ त्या बाई तिकडून विचारतात, ‘पण काय चुकलं?’ आता मी काय सांगू!

सुपरकॉरिडॉर, तुमच्या क्रमांकानेही माझं समाधान होत नाही. तो वाचून दाखवल्यावर फोनवरच्या माणसाला काही दिसणार आहे का? नसेल तर उपयोग काय?

रामबागकर
ताई, तुमचा मुद्दा लाख मोलाचा. क्रमांकाला माझी आता हरकत नाही. पण मग फोनवरच्या माणसाला दिसावं म्हणून हे लोक लॉगमध्ये मोबाइल, आधार, सगळा फॉर्म ओतणार, याची मला खात्री आहे. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन, तिच्या २०२२ च्या निर्देशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. तेवढे दिवस मुलांची माहिती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून राहणार. ऑर्डर क्रमांक आणि चूक कुठल्या टप्प्यावर झाली, एवढंच लिहा. नावगाव डेटाबेसमध्ये आहेच.

छप्पन_ते_सराफा
तो क्रमांक बनवायला वेगळी सेवा विकत घ्यावी लागते का?

सुपरकॉरिडॉर
नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये १.११.० आवृत्तीपासून रिक्वेस्ट आयडीचं, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या वेगळ्या क्रमांकाचं, व्हेरिएबल आयतं मिळतं. ते हेडरमधून अ‍ॅपला दे, लॉगच्या प्रत्येक ओळीत टाक आणि एरर पानावर छाप. मात्र तो बत्तीस अक्षरांचा असतो, ताईंना फोनवर वाचायला लावू नकोस. पहिली आठ पुरतात.

छप्पन_ते_सराफा
आठ ठीक. २०० चं मात्र क्लायंटशी बोलून बघतो, आत्ता शब्द देत नाही.