मॉर्मन मिशनरी आणि दर सोमवारचा घरचा फोन: जपानमध्ये त्याची मदत होते की अडचण?

नदीकाठ (धागाकर्ता):
टोकियो-नागोयाकडच्या मराठी मंडळींनी मिशनऱ्यांची, म्हणजे धर्मप्रचारकांची, ही जोडी पाहिली असेल: पांढरा शर्ट, काळी नावपट्टी, डोक्यावर हेल्मेट आणि सायकल. चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. 'मॉर्मन' म्हणू नका असं चर्चच 2018 पासून सांगतंय, पण ओळख पटावी म्हणून शीर्षकात तोच शब्द ठेवला आहे. मुलगे 18 पूर्ण झाल्यावर 24 महिन्यांसाठी धर्मप्रचाराला जातात, मुली 18 महिन्यांसाठी. पगार नाही. उलट अमेरिकेतून जाणाऱ्याला जुलै 2020 पासून दरमहा 500 डॉलर भरावे लागतात, म्हणजे मुलाच्या दोन वर्षांचे 12,000.

पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच व्हायचा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक ईमेल. 15 फेब्रुवारी 2019 पासून तयारीच्या दिवशी (स्वतःची कामं उरकायचा आठवड्यातला दिवस) दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉलची मुभा मिळाली.

माझं मत: निदान पहिले 12 आठवडे, म्हणजे ट्रेनरबरोबर (शिकवणाऱ्या अनुभवी मिशनरीबरोबर) असतानाचा काळ, हा फोन पंधरा दिवसांतून एकदा आणि वीस मिनिटांचाच असावा. जपानला येण्याआधीचं जपानीचं प्रशिक्षण साधारण 9 आठवड्यांचं. तेवढ्यात स्वतःची ओळख, प्रार्थना आणि धड्यांची वाक्यं बसतात, पण समोरचा काय बोलला ते कळत नाही. घरातल्या बाईंनी हिरवा चहा पुढे केला की त्यांना न दुखावता तो नाकारायचा आणि बार्लीचा मुगिचा चालेल असं सांगायचं, हे पाठ करून येत नाही. (हिरवा चहा त्यांना वर्ज्य, कारण पान काळ्या चहाचंच. मुगिचात ते पानच नसतं.) असलं बोलणं कानावर पडत राहून येतं. नेमक्या त्याच काळात दर आठवड्याला तासभर इंग्रजीत घरचं सगळं ऐकलं की मन तिकडेच राहतं.

भाषावेडी:
साफ असहमत. साडेसहाला उठून साडेदहाला झोपणारा मुलगा आठवड्यात 112 तास जागा असतो. त्यातला एक तास जपानी बिघडवतो हे पटत नाही. जपानी बिघडते ती जोडीदारामुळे, म्हणजे ज्याच्याबरोबर कायम राहायचं त्या दुसऱ्या मिशनरीमुळे. दोन अमेरिकन मुलं एका खोलीत असली की जेवताना, सायकलवर, नकाशा बघताना इंग्रजीच चालतं. त्याच मुलाला जपानी जोडीदार मिळाला की दीड महिन्यात त्याच्या बोलण्यातला फरक कानाला जाणवतो. उपाय करायचा तर तिथे करा, आईच्या फोनवर कात्री कशाला?

आणि 2019 च्या सूचनेत सक्ती कुठेच नाही. किती वेळा आणि किती वेळ बोलायचं हे मिशनरीच्याच विवेकावर सोडलं आहे. तो विवेक काढून घेऊन तुम्ही वीस मिनिटांचं घड्याळ लावताय.

दुपारची_लोकल:
भाषेपेक्षा सोमवारचं गणित मांडा, म्हणजे नदीकाठ यांचा मुद्दा वेगळ्या बाजूने खरा वाटेल. तयारीचा दिवस साधारण सोमवारी असतो आणि संध्याकाळी 6 ला संपतो. त्यात कपडे धुणं (जून-जुलैच्या पावसाळ्यात खोलीत वाळत नाहीत, मग कॉइन लाँड्री), सायकलच्या टोपलीत मावेल एवढा बाजार, केस कापणं, खोली साफ करणं, ईमेल, शिवाय मिशन अध्यक्षांना (त्या भागातल्या सगळ्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना) साप्ताहिक पत्र.

आणखी एक काम बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बदल्या दर 6 आठवड्यांनी ठरतात. प्रत्येकाची दर वेळी होत नाही, पण ज्याची झाली त्याला नव्या जागी गेल्यापासून 14 दिवसांत तिथल्या नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि तो रहिवासी कार्डाच्या मागे लिहून घ्यावा लागतो. शनिवार-रविवार कार्यालय सहसा बंद. म्हणजे तेही सोमवारवरच येतं. शहर सोडताना जुन्या कार्यालयातून दाखला घ्यायचा राहिला तर नव्या खिडकीवर काम अडतं आणि अर्धा दिवस जातो.

सायकलीचंही तसंच. जपानच्या साध्या सायकलीला आपल्यासारखाच वूड्स व्हॉल्व्ह असतो. आतली रबरी नळी (आपली वालट्यूब) वर्षभरात चिरते आणि हवा जाते. पोरांना वाटतं पंक्चर आहे, ती दुकानात तास घालवतात. नळी बदलायला पाच मिनिटं पुरतात.

अशा दिवसात जोडीतल्या दोघांनी एकामागून एक तास-तासभर फोन केला की दोन तास गेले, कारण जोडीदार दिसेल आणि ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहायचा नियम आहे. एक बोलत असताना दुसरा बाजारात जाऊ शकत नाही.

भाषावेडी:
मग दोघांनी एकाच वेळी बोलावं, एक स्वयंपाकघरात आणि एक तातामीच्या (जपानी चटईच्या) खोलीत, कानात हेडफोन घालून. जपानचा तर यात फायदाच आहे. सोमवारी सकाळी 9 म्हणजे युटात (चर्चचं मुख्यालय असलेलं अमेरिकेतलं राज्य, बरीच पोरं तिथलीच) रविवारी संध्याकाळचे 6, हिवाळ्यात 5. घरचे सगळे घरात असतात. ब्राझीलमध्ये सोमवारी सकाळी 9 ला फोन करणाऱ्याला हे मिळत नाही, युटात तेव्हा सोमवारची पहाट असते.

उंबरठा:
तुम्ही सगळे वेळेवर बोलताय, मला त्या 'ऐकू येईल एवढ्या अंतरा'ची काळजी वाटते. पोरगा 18-19 वर्षांचा. चोवीस तास जोडीदार सोबत, दुसरा माणूस नाही. तो जोडीदारच त्रास देत असेल, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर त्याच जोडीदाराच्या कानाशी बसून आईला काय सांगणार? तो 'सगळं छान आहे' म्हणणार. फोन दर आठवड्याला असला तरी तो खुला नसतो.

तरीही फोन हवाच, आणि व्हिडिओच हवा. सैल झालेली कॉलर, उतरलेला चेहरा आईला दिसतो, ईमेलमध्ये दिसत नाही. जोडीदार त्याच्याच वयाचा, फार तर वर्षाने मोठा. खचलेला माणूस ओळखायला तो शिकलेला नसतो. वर्षातून दोन फोनांच्या काळात ही गोष्ट कळायला सहा महिने लागू शकत.

नदीकाठ:
उंबरठा, तुमचा मुद्दा मी धरला नव्हता. पंधरा दिवसांची अट मागे घेतो, फोन दर आठवड्याला असू दे. पण तो दिवसातल्या कोणत्या वेळी करायचा, हे मात्र महत्त्वाचं. सकाळी 9 ला केला तर मध्ये बाजार, कपडे, सायकल येते आणि मन परत जागेवर येतं. दुपारी 4 ला केला तर 6 ला कामावर निघताना पोरगा अजून युटातच असतो. त्या संध्याकाळी दाराची घंटी वाजवायलाही हात उचलत नाही.

दुपारची_लोकल:
9 ला +1. पण पत्ता नोंदवायचा असेल त्या सोमवारी आधी नगर कार्यालय, उघडताच. दुपारी तिथे रांग वाढते.

उंबरठा:
वेळ ठरली हे बरं. माझं म्हणणं एवढंच की फोन चालू असताना जोडीदार दिसण्याच्या अंतरावर असावा, ऐकू येण्याच्या नको. मिशन अध्यक्षांच्या मुलाखतीत मिशनरी एकटा बसतो, तिथे ही सूट आहे. आईवडिलांशी बोलताना ती का नसावी?