साताऱ्याचं विद्यापीठ म्हणजे नुसती पाटी? आधी खर्चाची वही उघडा

कोरेगावकर
गेल्या आठवड्यात एक पोस्ट फिरली. "तीन कॉलेजांवर पाटी लावली म्हणून विद्यापीठ होत नाही. पोरगं जरा बरं असेल तर पुण्याला पाठवा, साताऱ्यात ठेवून त्याचं वाटोळं करू नका." खाली शेकड्यानं अंगठे. वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसलो.

मला दोन मुलं. थोरला २०१९ ला बारावी करून पुण्याला गेला, धाकटी २०२३ पासून साताऱ्यात बीएस्सीला आहे. दोघांचा खर्च एकाच वहीत लिहिलाय. थोरल्याची खोली कॉट बेसिसवर, महिना तीन हजार. मेस अठ्ठावीसशे, रविवारी एकच वेळ. प्रवास, झेरॉक्स, मोबाईल, आजारपण धरून महिन्याला साडेआठ हजारांच्या खाली कधी आलो नाही. कॉलेजची फी या सगळ्यात बारीक रक्कम होती! लॉकडाऊनमध्ये पोरगं सात महिने घरी होतं आणि खोलीचं भाडं चालू होतं, कारण सामान आत अडकलेलं. डिपॉझिट मालकानं शेवटपर्यंत दिलं नाही. त्यातच आल्याचा दर पडला. दोन एकर आलं काढून मजुरीसुद्धा सुटली नाही, बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्या.

धाकटीचा वर्षाचा सगळा खर्च थोरल्याच्या तीन महिन्यांएवढा. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी चारला घरी. तिचं वाटोळं झालंय असं मला तरी दिसत नाही.

आणि पाटीचं म्हणाल तर मुंबईत २०१९ ला होमी भाभा विद्यापीठ याच पद्धतीनं झालं. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था एकत्र आणून. तिथं कोणी म्हणालं का पाटी लावली म्हणून? साताऱ्यात २०२१ ला छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स ही तिन्ही मिळून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाचं समूह विद्यापीठ झालं, की लगेच आपल्याच माणसांना ते खोटं वाटायला लागलं.

सातारचा_पुणेकर
ती पोस्ट माझी. एक शब्दही मागे घेणार नाही.

दादा, तुमचा हिशेब खरा आहे. पण तुम्ही फक्त जावक लिहिलीय, आवक कुठाय? मी २००८ ला साताऱ्यातून पुण्याला आलो. पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायला भीती वाटायची. बाजूच्या खोलीतली पोरं रात्री बारापर्यंत प्रोग्रामिंग करायची, त्यांचं बघून मी शिकलो. तुमची मुलगी चारला घरी येते, त्या वेळी पुण्यातलं पोरगं कुठल्या तरी लायब्ररीत नाहीतर कंपनीत इंटर्नशिपला बसलेलं असतं. शिक्षण नुसतं वर्गात होत नाही.

दुसरं असं की लहान विद्यापीठाचं नाव बाहेर कोणाला माहीत नसतं. माझी भाची पदवीनंतर एमएस्सीला दुसरीकडे गेली, तिथं ती "बाहेरच्या विद्यापीठाची" ठरली. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, आणि जागा आधी त्यांच्या स्वतःच्या मुलांना. ही तिन्ही कॉलेजं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती तोवर कोल्हापूर आपलं होतं, आता तिथंही आपण परके. याचा विचार कोणी केला होता का?

तासिका_तत्त्व
दोघांनी खोलीचं भाडं मोजलं. शिकवणाऱ्याला काय मिळतं ते कोणी मोजलं का?

मी सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) पास, वर पीएचडी. अकरा वर्षं तासावर शिकवतोय, चार कॉलेजं झाली, दोन जिल्हे झाले. पगार नाही, मानधन. तेही तास झाला तर. परीक्षा, सुट्ट्या, निवडणुका यात तास बुडतात, म्हणजे माझं पोट बुडतं. दिवाळीचं मानधन मला एकदा होळीला मिळालं. पुणे असो की सातारा, तुमच्या मुलांना शिकवणारा निम्मा वर्ग आमच्यासारखा आहे. कायम जागा भरा म्हणून आझाद मैदानावर बसलो तेव्हा पालक म्हणून किती जण आले होते?

कोरेगावकर
सर, तुमचं दुःख मोठं आहे आणि आम्ही कोणी आलो नव्हतो हेही खरं. पण ते पुण्यालाही तेवढंच लागू आहे. साताऱ्यात शिकू नये याला ते कारण होत नाही.

बीसीए_हुकलेला
ॲडमिशनवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. २०२४ ला बीसीए-बीबीएला पहिल्यांदाच सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लावली. आमच्या ज्युनिअर कॉलेजात कोणालाच पत्ता नव्हता. जूनमध्ये निकालाची प्रत घेऊन गेलो तर म्हणाले, सीईटी दिलीय का? पुढं जागा रिकाम्या राहिल्या म्हणून दुसरी सीईटी घेतली. तोवर काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून बिगर-सीईटी प्रवेश दिले. मी त्यातल्याच एकात आहे, विनाअनुदानित, फी अनुदानित बीएस्सीच्या कितीतरी पट. पुणे-सातारा वादाआधी पोरांना वेळेवर माहिती तरी द्या.

माणदेशी_लेक
कोरेगावकर काका, राग मानू नका, पण "संध्याकाळी चारला घरी" हे कोरेगावच्या मुलीला जमतं. मी माण तालुक्यातली. साताऱ्याहून दहिवडीच साठ-सत्तर किलोमीटर, तिथून पुढं आमचं गाव.

पूर्वी गावात मुक्कामी गाडी होती. रात्री यायची, पहाटे साडेपाचला निघायची. माझी चुलत बहीण त्या गाडीनं शिकली. कोरोनात ती बंद झाली, मग एसटीचा संप आला, आणि ती परत लागलीच नाही. आता वडील मला पहाटे दुचाकीवरून फाट्यापर्यंत सोडतात, नऊ किलोमीटर. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट होता. पदवीला आल्यापासून तिसरा हिस्सा भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेळेची आहे. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक) असे विषय आले. मेजरचे तास सकाळी, ओपन इलेक्टिव्ह साडेतीनला. ते बसून केलं तर जोडगाडी चुकते. नाही केलं तर पंचाहत्तर टक्के हजेरी भरत नाही.

सातारचा_पुणेकर दादा, तुमच्या रात्री बारापर्यंतच्या लायब्ररीचं मी काय करू?

जावळीकर
ताई, कटू वाटेल पण बोलतो. माझे वडील कंडक्टर होते, तीस वर्षं. मुक्कामी गाडी का बंद पडते ते घरात ऐकत वाढलोय. गावात पोरगं अठराचं झालं की बाप दुचाकी घेतो. मग गाडीत राहतात दोन म्हाताऱ्या आणि चार मुली. डिझेलसुद्धा सुटत नाही. आपणच गाडी सोडली, मग गाडीनं आपल्याला सोडलं. ड्रायव्हर-कंडक्टरनं त्या गावात देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचं, धड संडास नाही. त्याचा विचार गावानं कधी केला?

माणदेशी_लेक
चार मुली म्हणजे कोणीच नाही का? त्या चारजणी बसतात म्हणून तर गाडी हवी. आमच्या वर्गातल्या दोघींची नावं पहिल्याच वर्षी घरच्यांनी काढली. नापास झाल्या नव्हत्या. एकीला त्र्याहत्तर टक्के होते. कारण एकच, यायला अंधार होतो. तिचं लग्न झालं आता.

जावळीकर
मी असं म्हणालो नाही. हिशेब सांगितला.

माणदेशी_लेक
त्या हिशेबात ती मैत्रीण कुठल्या रकान्यात लिहायची ते सांगा.

वडाचं_झाड
थोडं शांत घ्या. मी १९७४ ची बॅच, शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका योजनेत शिकलो. पहाटे बागेत पाणी धरायचं, मग वर्गात. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला आणली, बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. मूठ-मूठ धान्य गोळा करून पोरं जगवली. तेव्हा कुठली गाडी आणि कुठला पास! आम्ही सुट्टीला पाटणपर्यंत चालत गेलोय. आजच्या पोरांना सगळं दारात पाहिजे, ही खरी अडचण आहे.

माणदेशी_लेक
आजोबा, तुम्ही वसतिगृहात राहत होता. बागेत पाणी धरून रात्री झोपायला जागा होती, दोन वेळचं जेवण होतं. मी ज्या सरकारी वसतिगृहाला अर्ज केला तिथं यादीत नाव लागलं नाही. मला चालायचा कंटाळा नाही हो, फाट्यावर अंधारात एकटीनं उभं राहायची भीती आहे. तुमच्या बॅचला मुली किती होत्या?

सातारचा_पुणेकर
काका, इथं मी तिच्या बाजूनं. कर्मवीर आज असते तर आधी मुलींची सोय बघितली असती. "आम्ही चालत गेलो" हे वाक्य माझ्या वडिलांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की त्याच रागानं मी सातारा सोडला.

वडाचं_झाड
तुझ्या वडिलांचा राग माझ्यावर काढू नकोस.
बाळ, आमच्या वर्गात मुली तीन होत्या. तिघीही साताऱ्यातल्याच. खेड्यातली एकही नव्हती. हे आज तू विचारलंस म्हणून आठवलं. दारात पाहिजे म्हणालो ते चुकलं माझं.

सदर_बझार_मेस
मी चौदा वर्षं मेस चालवते. सध्या दोन वेळचे सव्वीसशे घेते, ताटात दोन भाज्या, भात-आमटी, चपाती हवी तेवढी. गॅस आणि तेलानं कंबर मोडलीय, तरी मुलांना वाढवून सांगायला जीभ उचलत नाही. साताऱ्यात चौघींत खोली घेतली तर माणशी दीड-पावणेदोन हजारांत बसते. म्हणजे पुण्याच्या निम्मं नाही, पण दीड-दोन हजार तरी कमी. महिना भरत आला की पोरं एकाच डब्यात दोघं जेवतात, मला कळतं, मी भात जास्त घालते.

शिष्यवृत्तीचं सांगते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारे पैसे खात्यावर यायला उशीर लागतो, तोवर काही ठिकाणी फी आधी भरून घेतात. एका मुलीचं आधार बँकेला जोडलेलं नव्हतं, वर्षभर पैसे अडकले. तिनं माझ्याकडं पोळ्या लाटून दोन महिने काढले. पंजाबराव देशमुख योजनेत निर्वाह भत्ता मिळतो हे तिला मीच सांगितलं, माझ्याकडं जेवणाऱ्या दुसऱ्या मुलाला मिळत होता म्हणून. ऑफिसातून कोणी सांगितलं नव्हतं.

कोरेगावकर
मी विद्यापीठाची बाजू मांडायला आलो होतो आणि इथं फाटाच मोठा निघाला. तरी एक बोलतो. हे विद्यापीठ लहान आहे, तिन्ही कॉलेजं गावातच आहेत. ओपन इलेक्टिव्ह दुपारी दोनच्या आत घ्या, लांबच्या मुलांना गाडी सापडेल, एवढं मागणं दोन-तीन दारांत नेऊन देता येतं. मोठ्या विद्यापीठात असा अर्ज कुठल्या टेबलावर पडला ते थोरल्याला तीन वर्षांत कळलं नाही. विद्यापीठ लहान असण्याचा हा फायदा मला दिसतो.

तासिका_तत्त्व
दुपारी दोनच्या आत तास घ्यायला शिक्षक लागतात. ओपन इलेक्टिव्ह साडेतीनला का असतो? तोच एक शिक्षक सकाळी मेजर घेतो, दुपारी मायनर, मग तिकडं. मी पहिल्यांदा बोललो ते हेच. फाटा आणि माझं मानधन वेगळे प्रश्न नाहीत.

कोरेगावकर
हे तुम्ही आधी असं सांगितलं असतं तर मी तुम्हाला तोडून बोललो नसतो. अर्जात तेही घालू. सही करणार का?

तासिका_तत्त्व
सही केली तर पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही माहीत नाही. मजकूर लिहून देतो.

जावळीकर
वडिलांशी बोललो. ते म्हणतात, नुसती गाडी मागू नका. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, आणि मुक्कामाला येणाऱ्या दोघांची झोपायची, संडासाची सोय गाव करेल असं त्यात लिहा. शाळा-कॉलेजच्या पासधारकांची यादी नावासकट द्या. रिकामी गाडी बंद करणं सोपं असतं, चाळीस पासांची गाडी अवघड. ताई, काल मी आवाज चढवला.

सातारचा_पुणेकर
पोरगं बरं असेल तर पुण्याला पाठवा, हे माझं मत अजून तेच आहे. घरात ऐपत असेल तर पाठवाच. "वाटोळं" शब्द मात्र काढतो, पोस्ट दुरुस्त केलीय. एमएस्सीच्या जागांचा प्रश्न कोणी घेतला नाही, तोही त्या अर्जात जाऊ द्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना रविवारी ऑनलाइन प्रोग्रामिंग शिकवायला मी तयार आहे. पुण्यात बसून एवढं करता येईल.

कोरेगावकर
माणदेशी ताई, तुमची गाडी कोरेगाव-पुसेगाववरूनच जाते. प्रॅक्टिकल संपायला उशीर होणार असेल त्या दिवसांत आमच्याकडं मुक्कामाला या. माझी मुलगी त्याच वयाची, खोली तिची एकटीचीच आहे. आईला म्हणावं, माझ्या बायकोशी फोनवर बोलून घ्या.

माणदेशी_लेक
घरी सांगितलं. वडील काही बोलले नाहीत, म्हणजे हो. आईनं लगेच बाजरी दळायला काढली, म्हणाली रिकाम्या हातानं जायचं नाही. प्रॅक्टिकल बुधवारपासून चार दिवस आहेत.