मण्यांचं प्रॅक्टिकल ग्रुपने केलं, रीडिंग सेम आलं, तर ती कॉपी होते का?

बायोवाली_जुळेसोलापूर
बीएस्सी सेकंड इयर, सोलापुरातच, कॉलेजचं नाव नको. जेनेटिक्सला मेंडेलच्या ३:१ रेशोचं मण्यांचं प्रॅक्टिकल असतं ना, दोन पिशव्या, दोन्हीत लाल पांढरे निम्मे निम्मे, दोन्हीतून एक एक मणी काढायचा, लिहायचं, परत टाकून हलवायचं, असं १०० वेळा. टेबलाला आम्ही चौघी. दोघी मणी काढत होत्या, एक ओरडून सांगत होती आणि मी रफ वहीत रेघा मारत होते. आमचं आलं ६९:३१, म्हणजे एक तरी लाल असलेले ६९ आणि दोन्ही पांढरे ३१.

रात्री आमच्यातल्या एकीने तिच्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आम्हाला कुणालाच न विचारता. सबमिशनला आम्ही चौघी धरून अकरा जर्नलमध्ये (प्रॅक्टिकलच्या वह्यांत) ६९:३१ निघालं 🤦‍♀️ वर तिने काय-स्क्वेअर (आपले आकडे अपेक्षित ७५:२५ पासून किती लांब गेले ते सांगणारा आकडा) १.९२ च्या जागी १.२९ लिहिलेलं, तेही फोटोवरून लिहिणाऱ्या सगळ्यांनी जसंच्या तसं उतरवलं. माझ्या जर्नलला १.९२ च आहे. तरी मॅडमनी अकराच्या अकरा जणांना झिरो दिला आणि परत असं दिसलं तर परीक्षा समितीकडे पाठवते म्हणाल्या.

आता मला सांगा मण्यांचा सेट एक, टेबल एक, मग चौघींचं रीडिंग वेगळं यायचं कुठून? आणि वर्गातला एक जण म्हणतोय यूजीसीच्या नियमात १० टक्क्यांपर्यंत सेम चालतं, ते इथं लागू होतं का?

पार्कचौक_कट्टा
सगळ्यांनी १.२९ च उतरवलं? काय बे, कॉपीला पण अक्कल लागते की. आमच्या वेळी हर्बेरियमला (वाळवून चिकटवलेल्या झाडांच्या फाइलला) अख्ख्या वर्गाने "ठिकाण: हिप्परगा तलाव" लिहिलेलं, आणि झाड काय तर सदाफुली, जी कॉलेजच्या गेटपाशीच लावलेली होती 😂 सरांनी बघितलं, हसले आणि सह्या केल्या.
भांडत बसू नको, एका प्रॅक्टिकलचे मार्क जातील, जाऊ दे. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मॅडमच समोर असणार आहेत.

शिकवतो_प्राणिशास्त्र
जाऊ दे म्हणू नका हो, तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

आधी ते १० टक्क्यांचं. यूजीसीचे प्लेजरिझमचे (दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दलचे) नियम २०१८ चे आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० ला सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष सबमिशन बंद आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. पण हे प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, उत्तरपत्रिका हे त्या व्याख्येतूनच बाहेर ठेवलंय. त्यामुळे जर्नलला ती टक्केवारी लावून ना तो मित्र सुटतो ना मॅडम कुणाला अडकवू शकतात. परीक्षेतल्या गैरप्रकारांचं बघायला २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळ समिती नेमतं, पण जर्नलचं प्रकरण सहसा विभागातच मिटतं, लगेच घाबरून जाऊ नका.

आता मुद्दा. चौघींनी मिळून मणी मोजले तर चौघींचं रीडिंग सेमच येणार, ती कॉपी नाही. फक्त जर्नलच्या पानावर तसं लिहायला पाहिजे, "ही निरीक्षणं टेबल क्रमांक अमुकच्या चौघींनी मिळून घेतली" एवढी एक ओळ पुरे. आकडे सामाईक, पण आकडेमोड आणि निष्कर्ष ज्याचा त्याने करायचा. बाकीच्या सात जणांनी मणी मोजले असतील तर त्यांचं स्वतःचं रीडिंग गेलं कुठं? ते टाकून देऊन दुसऱ्याचं लिहिलं ही खरी लबाडी, आणि मला विचाराल तर सायन्समध्ये कॉपीपेक्षा ही वाईट.

मी वर्गात याचंच गणित दाखवतो. १०० वेळा मणी काढले तर बरोबर ७५:२५ येण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा टेबलं असतील तर एखाद्यावर येईल. मला मात्र दरवर्षी निम्म्या वर्गाचं ७५:२५ येतं! खुद्द मेंडेलचे आकडे असे नाहीत, ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे, २.९६ ला १. तरीसुद्धा फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये त्याचे सगळे आकडे एकत्र तपासले आणि म्हणाला हे जरा जास्तच जुळतायत. म्हणून शंका घेणं मॅडमचं कामच आहे, पण अकरा जणांना एकाच मापाने मोजलं ते मला पटलं नाही.

होटगीरोडवरून
सर मान्य, पण पोरं ७५:२५ का लिहितात तेही सांगा की. माझ्या भावाचं ६३:३७ आलेलं, पोराने प्रामाणिकपणे लिहिलं तर लाल पेनने "रिपीट" शेरा, आणि शेजारच्याने घरी बसून ७४:२६ लिहिलं त्याला व्हेरी गुड. पुढच्या वेळी भाऊ काय करणार? तुम्ही लोक उत्तराला मार्क देता, मोजण्याला नाही.

शिकवतो_प्राणिशास्त्र
होय, हे आमच्याकडचंच दुखणं आहे. ६३:३७ चा काय-स्क्वेअर ७.६८ येतो, ३.८४ या ठरलेल्या मर्यादेच्या वर, म्हणजे ३:१ बसत नाही. पण तिथंच तर लिहायला मजा आहे, पिशवीत मणी निम्मे निम्मे होते का, काढलेला मणी परत टाकला का, पांढरे मणी लालपेक्षा मोठे होते का (मधला मारुतीपाशी मणी आणायला गेलं की हमखास दोन साइजचे मिक्स देतात, हाताला मोठाच लागतो). हे लिहिणाऱ्याला मी पूर्ण मार्क देतो. आणि प्रॅक्टिकल संपायच्या आत रफ वहीतल्या रेघांवर सही करतो, मग रात्री कितीही फोटो फिरू देत.

बायोवाली_जुळेसोलापूर
आमच्या रफ वहीवर मॅडमची सही आहे!! त्या दिवसाची तारीख पण. हे डोक्यातच आलं नव्हतं. पण आता झिरो पडलाय तर अर्ज प्राचार्यांना द्यायचा का? आणि फोटो टाकणारीचं नाव लिहावं लागेल का, मैत्रीण आहे ती.

शिकवतो_प्राणिशास्त्र
प्राचार्यांकडे आत्ताच नको. आधी मॅडमना भेटा, रफ वही घेऊन, चौघी एकत्र, त्या मैत्रिणीलाही न्या. १.९२ ची आकडेमोड त्यांच्यासमोर परत करून दाखवायची तयारी ठेवा, त्या सांगणारच. फोटोचं तिने स्वतः सांगितलं तर उत्तम, तुम्ही नाव घेऊ नका, विचारलं तर खोटंही बोलू नका. नाहीच ऐकलं तर मग एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) नावाने साधा अर्ज, रफ पानाची झेरॉक्स जोडून, आणि मागणी एवढीच की प्रॅक्टिकल परत घ्या, नव्याने मणी काढतो.

पार्कचौक_कट्टा
यावेळी ७५:२५ आलं तर मात्र काही खरं नाही तुमचं 😂