सोपो तोडू नका (ए-बी विंग रहिवासी ग्रुप, फोंडा)

नाईक काकी बी-१०२, स. ६:४८
शिरोडकरबाब, नमस्कार. दूध आणायला उतरले तेव्हा बोर्डावरची नोटीस वाचली. 'प्रवेशद्वारालगतचे दोन्ही सोपे (बसायचे कट्टे) काढून तेथे दोन चारचाकी वाहनांची सोय.' रविवारी मिस्त्री येणार म्हणे. १९९६ साली या इमारतीच्या पहिल्या चाव्या घेतलेल्या चार घरांपैकी एक माझं. मला विचारायलाच हवं होतं असं नाही, पण सोपे तोडू नका, एवढं हात जोडून सांगते.

प्रभू बी-३०४, स. ६:५५
मार्चच्या सर्वसाधारण सभेत (जीबीएम) ठराव क्र. ७ मंजूर झालेला आहे. मिनिट्स वाचाव्यात.

सावंत बी-३०३, स. ७:०२
काकी, मान राखून सांगतो. पावसात गाडी रस्त्यावर ठेवून बघा. मागच्या जुलैत झावळ पडून माझी काच फुटली. सगळ्यांनी ग्रुपवर हळहळ व्यक्त केली, जागा कुणी दिली नाही.

वकील ए-२०३, स. ७:०६
ठराव क्र. ७ 'पार्किंगचे फेरनियोजन' असा आहे. सोपे तोडण्याचा त्यात एक शब्द नाही. मी हजर होतो.

कामत ए-१०१, स. ७:०७
टाकीत पाणी चढवलंय का? आमच्या नळाला थेंब नाही.

सेक्रेटरी शिरोडकर, स. ७:१५
कामतबाब, मोटर सातला लावली, पंधरा मिनिटं थांबा. काकी, कमिटीने हे हौसेने ठरवलेलं नाही. घरं सव्वीस, गाड्या एकोणीस, जागा अकरा. रोज दोघा-तिघांचा फोन मला येतो. शिवाय तळमजल्यावरून आवाजाची लेखी तक्रार आहे.

कामत ए-१०१, स. ७:१६
पंधरा मिनिटं तुम्ही कालही म्हणाला होता.

फडते सिस्टर ए-२, स. ७:४०
तक्रार माझी आहे, लपवत नाही. मी आत्ता नाईट करून आले. डाव्या सोप्याची पाठ म्हणजे माझ्या बेडरूमची भिंत. नऊला झोपते आणि साडेनऊला तिथे बैठक बसते. मागच्या मंगळवारी एका सोयरिकीची अख्खी चर्चा डोळे मिटून ऐकली. मुलाचा पगारसुद्धा मला माहीत आहे. रात्री वेगळीच मंडळी बसतात. माझ्या तुळशीच्या कुंडीत सिगारेटची थोटकं सापडली. तुळशीच्या कुंडीत. कुणाला वाईट वाटलं तर माफ करा, पण मला झोप लागते.

सावंत बी-३०३, स. ७:४२
पगार किती निघाला पण? 😄

वहिनी बी-३०३, स. ७:४३
तुम्ही गप्प बसा आणि आंघोळीला जा.

नाईक काकी बी-१०२, स. ७:५०
सिस्टर, मंगळवारच्या त्या बैठकीत मी होते. तुम्ही आत झोपलेल्या असता हे माहीत असून आवाजाचं भान राहिलं नाही. चूक झाली. थोटकं आमची नाहीत, पण तुळस कोमेजली असेल तर माझ्याकडची रोपं घेऊन जा.

वकील ए-२०३, स. ७:५५
थोटकं कुणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक फ्लॅट पर्यटकांना दोन-दोन दिवसांसाठी दिला जातो. तो कुणाचा, ते इथे लिहीत नाही.

प्रभू बी-३०४, स. ७:५६
लिहा ना. माझ्या भाच्याचा आहे. काय बेकायदा आहे? ठराव क्र. ७ मंजूर आहे. आणि माझ्या पार्किंगचे मी बिल्डरला वेगळे पैसे मोजलेत.

वकील ए-२०३, स. ८:०१
मोजले असतील. ३१ ऑगस्ट २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हा निकाल वाचा. इमारतीखालची, खांबांमधली स्टिल्टची जागा सामाईक, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही.

प्रभू बी-३०४, स. ८:०३
तो महाराष्ट्राच्या कायद्यावरचा निकाल. हा गोवा आहे.

वकील ए-२०३, स. ८:०४
महाराष्ट्राच्याच कायद्यावरचा आहे. 'सामाईक' म्हणजे काय, ते समजायला तरी वाचा.

नाईक काकी बी-१०२, स. ८:२०
मुळात सोपे आले कुठून, ते नवीन मंडळींना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. बिल्डरच्या नकाशात सोपे नव्हतेच. जिना, मीटरबॉक्स आणि खांब, एवढंच. पहिल्या पावसाळ्यात मी दोन पिशव्या घेऊन बाजारातून आले आणि टेकायला जागा नाही म्हणून ओल्या पायरीवर बसले. आमच्या यजमानांना ते लागलं. कंपाउंडचे चिरे उरले होते, चार घरांनी पैसे काढले, शिरोड्याच्या मिस्त्रीने दोन दिवसांत सोपे बांधून वर तांबडा कोबा घातला. एप्रिलच्या दुपारीसुद्धा हाताला गार लागतो. आता दोन जागी रंग उडून फिकट झालाय, रोज बसणाऱ्यांच्या बसण्याने. डाव्यावर कोबा ओला असताना कुणीतरी खिळ्याने नवकांकरीचा पट ओढला, एकात एक तीन चौकोन. तो अजून आहे.

लिफ्ट आपल्याकडे नाही. तिसऱ्या मजल्यावर चढायच्या आधी माणूस कुठे टेकतो? शाळेची व्हॅन यायच्या आधी पोरं कुठे असतात? आणि मनातलं बोलते: कुणाला घरात बोलवायचं म्हणजे चहा आला, दूध आहे का बघणं आलं, पसारा आवरणं आलं. खाली हे काही लागत नाही. जसे आहात तसे बसा आणि वाटलं की उठा. आमचे यजमान गेले तेव्हा सुतकात कित्येकजण वर आले नाहीत. सोप्यावर बसले, मी खाली गेले, पाच मिनिटं बोलले आणि गेले. ती माणसं मला आठवतात. सोपो नसता तर ती आलीच नसती.

सावंत बी-३०३, स. ८:२६
पदेर (पाववाला) आला. कुणी खाली आहे का?

वहिनी ए-२०२, स. ८:२६
माझ्या चार पोई आणि दोन उंडे घेऊन सोप्यावर ठेवा, छोटीला पाठवते.

कामत ए-१०१, स. ८:२७
माझेही सहा उंडे. पाणी अजून आलेलं नाही.

मानसी बी-२०१, स. ८:३१
घेतले सगळ्यांचे. डाव्या सोप्यावर ओळीने ठेवलेत, झाकून.

सेक्रेटरी शिरोडकर, स. ८:४०
काकी, तुमच्या भावना कळतात. पण भावनेवर सोसायटी चालत नाही.

प्रभू बी-३०४, स. ८:४१
बरोबर. ठराव क्र. ७.

गावडे ए-३०१, स. ९:१०
शिरोडकर सर, मी या ग्रुपवर फार लिहीत नाही. १६ मे २०२१, तौक्ते वादळ. गोवाभर वीज गेली होती, वर कोरोनाचा कर्फ्यू. माझ्या बाबांचा ऑक्सिजन खाली येत होता. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना तीन मजले उतरवलं, त्यात सावंतही होते. १०८ यायला वेळ लागला. तेवढा वेळ बाबा उजव्या सोप्यावर भिंतीला टेकून बसले. काकी दुसऱ्या टोकाला मास्क लावून बसून त्यांच्याशी बोलत राहिल्या, ते झोपू नयेत म्हणून. गाडीच्या बॅटरीवर सगळ्यांचे फोन चार्ज होत होते. बाबा बरे होऊन परत आले, तेही आधी सोप्यावर टेकले, मग वर चढले.

आणखी एक लिहितो. कुणाला बोचलं तर बोचू दे. माझे आजोबा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत घर करून राहणारे. चवथीला भाटकाराकडे नारळ आणि सुपारीचं शिपटं घेऊन जायचे. त्या घराचा सोपो लांबच्या लांब होता, पण आजोबा पायरीखाली अंगणात उकिडवे बसत. चहा वेगळ्या कपात, तो स्वतः धुऊन वळचणीला ठेवायचा. १९७५ चा मुंडकार कायदा आला म्हणून राहतं घर तरी वाचलं. जुन्या घरांचं कौतुक करणारे लेख मी वाचतो. राजांगण, वसरी, कर्पांच्या (शिंपल्यांच्या) खिडक्या, सगळं सुंदरच आहे. पण त्या घरात कुणी कुठवर यायचं, ते उंबरा आणि पायरी ठरवत. आपल्या खालच्या सोप्यावर भाटकारांचे नातू आणि मी एकाच कोब्यावर बसतो आणि पेपर अर्धा-अर्धा वाटून घेतो. एका गाडीच्या जागेसाठी ते घालवायला माझी तयारी नाही.

सावंत बी-३०३, स. ९:१८
गावडे, त्या दिवसाचं इथे काढायला नको होतं. पण बरोबर आहे.

नाईक काकी बी-१०२, स. ९:२५
गावडेबाब, सावई-वेऱ्याच्या आमच्या घरात असा एक कप वळचणीला असायचा. लहानपणी मी रोज बघायचे. कुणाचा, म्हणून कधी विचारलं नाही.

मानसी बी-२०१, स. ९:४४
सगळ्यांना नमस्कार. मी आत्ता टेप घेऊन खाली मोजून आले. सोपे ४५ सेंटिमीटर रुंद, १ मीटर ८० लांब. एका गाडीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. डावीकडे सोपो काढला तरी खांब ते मीटरबॉक्सची भिंत २ मीटर १५ भरते आणि जिन्यापर्यंत खोली ४ मीटर १०. सावंतकाकांची वॅगनआर १ मीटर ६२ रुंद, ती आत जाईल, पण दार अर्धंच उघडेल. मोठी गाडी लावली तर तिचं तोंड जिन्यावर येईल. उजवीकडे गाडी लागूच शकत नाही, सोप्याच्या पुढ्यात खालच्या टाकीचं झाकण आहे.

कामत ए-१०१, स. ९:४६
टाकीच्या झाकणावर गाडी? अजिबात नाही. मग टँकरचा पाइप कुठे घालणार? शिरोडकर, हे बघितलं होतं की नाही?

सेक्रेटरी शिरोडकर, स. ९:४९
मिस्त्रीने नजरेने अंदाज दिला होता.

वकील ए-२०३, स. ९:५०
दोन गाड्यांची सोय म्हणे.

मानसी बी-२०१, स. ९:५८
मी आर्किटेक्चर शिकते म्हणून थोडं बोलते. पहिल्या वर्षी सरांनी आम्हाला पणजीत कांपालला कला अकादमी बघायला नेलं. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली, १९८३ मध्ये पूर्ण झाली. नाटक कसं दिसतं हे आम्हाला विचारलंच नाही. तिकीट न काढता इथे काय करता येतं, ते तासभर बसून लिहा, म्हणाले. रस्त्यावरून आत शिरलं की सावलीतून चालत थेट मांडवीच्या काठी पोचतो. कुणी डबा खात होतं, कुणी तालमीला आलेल्या मुलीची वाट बघत होतं, एकजण झोपला होता. माझं पान भरलं. घरी आले तेव्हा आजी सोप्यावर शेंगा निवडत होत्या, तर मी त्याच वहीत पुढच्या पानावर आमचा सोपो काढला. रविवारी वही दाखवते.

प्रभू बी-३०४, स. १०:०२
शिक्षण चांगलं आहे. ठराव क्र. ७ मंजूर आहे.

वहिनी ए-२०२, स. १०:०५
ठराव पाठ झाला आता, भाऊ. चवथ महिन्यावर आली. गणपतीवर फळं-पानं टांगतो त्या माटोळीचं, बाजारातून आणलेलं सामान निवडायचं कुठे? गेल्या वर्षी सहा घरांची कांगलां, तोरिंगं आणि चिबूड सोप्यावर मांडून वाटणी केली. घरात धड हूकसुद्धा नाही, माटोळी मी पंख्याच्या हुकाला बांधते.

वहिनी बी-३०३, स. १०:०७
आम्हीपण! पंखा काढून ठेवायचा आणि आरतीला घाम पुसत उभं राहायचं.

फडते सिस्टर ए-२, दु. ३:३५
उठले. सगळं वाचलं. माझ्या भिंतीला लागून सोप्याच्या जागी गाडी येणार असेल तर ती मला नकोच. पहाटे पाचला स्टार्टर आणि रिव्हर्सचा भोंगा, धूर खिडकीत. हे नोटिशीत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

माझं म्हणणं असं. डावा सोपो काढा. त्याचेच चिरे उजवीकडे जोडून तो लांब करा. टाकीचं झाकण मोकळं राहील, बसणारे माझ्या भिंतीपासून लांब जातील. डावीकडे गाडी नाही, झाडाच्या कुंड्या ठेवा. रात्री दहानंतर तिथे कुणी नको, भाच्यांच्या पाहुण्यांसकट. नाईट संपवून येते तेव्हा बूट काढायला मीसुद्धा दोन मिनिटं तिथेच बसते. त्यामुळे तो अजिबात नको, असं मला म्हणायचं नाही.

सावंत बी-३०३, दु. ३:५०
म्हणजे माझी गाडी रस्त्यावरच.

वकील ए-२०३, दु. ३:५२
अकरापैकी दोन जागांवर बंद पडलेल्या स्कूटर आणि एक जुनं कपाट पडलंय. ते हलवलं तर एक गाडी आरामात बसते. कपाट कुणाचं, तेही लिहीत नाही.

प्रभू बी-३०४, दु. ३:५३
कपाट शनिवारपर्यंत काढतो.

सेक्रेटरी शिरोडकर, दु. ४:१०
रविवारी साडेदहाला खाली जमू या. सिस्टरची सूचना मांडतो, हात वर करून ठरवू. तोपर्यंत मिस्त्रीला थांबवलंय. सिस्टर, साडेदहा तुमच्या झोपेची वेळ, त्यामुळे उजव्या बाजूला बसू आणि हळू बोलू.

नाईक काकी बी-१०२, दु. ४:३०
सिस्टरचं मला मान्य आहे. एकच विचारते. नवकांकरीचा पट डाव्यावर आहे. तेवढा कोबा अखंड निघेल का?

गावडे ए-३०१, दु. ४:३४
नाही काकी, फुटेल. उजवीकडे नवीन कोबा घालतील तेव्हा ओला असताना परत ओढू. तो पट मीच ओढला होता, अकरा वर्षांचा होतो. तुमच्या यजमानांनी बघितलं आणि ओरडायच्या ऐवजी रेघ सरळ यावी म्हणून स्वतःची पट्टी दिली.

नाईक काकी बी-१०२, दु. ४:४१
ती लाकडी पट्टी माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन उतरते.

कामत ए-१०१, दु. ४:४२
पाणी परत गेलं.